एक्सेल नव्हतं तेव्हा शाहू महाराजांनी नोकऱ्यांच्या यादीला फिल्टर लावला होता

मास कॉमची डिग्री घेऊन पहिल्या नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, आता हातात माइक येणार. हातात आली एक्सेलची शीट. चाळीस हजार ओळी. त्यातून कोल्हापूरच्या ओळी वेगळ्या काढून संपादकांना आकडा द्यायचा होता. मी फिल्टर लावला, 'कोल्हापूर' निवडलं, आकडा दिला आणि चहाला गेले.

संध्याकाळी कळलं की शीट भरणाऱ्याने कितीतरी ओळींत 'कोल्हापुर' असं ऱ्हस्व लिहिलंय. काही ठिकाणी नुसतं 'को.पूर'. काही ठिकाणी जिल्ह्याच्या रकान्यात तालुकाच टाकलाय, 'करवीर'. या सगळ्या ओळी माझ्या फिल्टरमधून गळून गेल्या होत्या. आकडा छापून झाला होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यावी लागली, आणि ऑफिसात बरेच दिवस माझं नाव 'को.पूर' पडलं.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. फिल्टर तुम्ही जेवढं विचाराल तेवढंच सांगतो. दुसरी गोष्ट कळायला मात्र आणखी वेळ लागला. जो माणूस टेबलात नाहीच, तो कुठलाही फिल्टर लावला तरी सापडत नाही.

ही दुसरी गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजाला कळली होती. त्याच्या राज्यात संगणक नव्हता, दप्तरं मोडीत होती आणि कागद रुमालात बांधून ठेवायची पद्धत होती. तरी त्याने नोकऱ्यांच्या यादीकडे बघून एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाचं उत्तर आपण आजही शोधतोय.

बावडा म्हटलं की आज बाहेरच्या माणसाला मिसळ आठवते, ऊसवाल्याला राजाराम कारखाना आठवतो. पण कोल्हापूर शहराला चिकटलेल्या या कसबा बावड्यातच लक्ष्मी विलास पॅलेस आहे. तिथे २६ जून १८७४ ला एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं यशवंतराव. वडील कागलच्या घाटगे घराण्यातले जयसिंगराव, सगळे त्यांना आप्पासाहेब म्हणायचे. आई राधाबाई, मुधोळच्या राजघराण्यातल्या. आई गेली तेव्हा पोरगा तीन वर्षांचाही नव्हता.

म्हणजे हा मुलगा जन्माने कोल्हापूरचा राजपुत्र नव्हताच. झालं असं की कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला इंग्रजांच्या नजरकैदेत असताना गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ ला यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचं नाव शाहू ठेवलं. नऊ वर्षांच्या पोराला गादी मिळाली, कारभार मात्र नाही. दोन वर्षांनी वडीलही गेले. मग राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिक्षण, तिथून धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली कारभाराचे धडे. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. २ एप्रिल १८९४ ला राज्याची सूत्रं हातात आली तेव्हा वय विसाच्या आत.

आता इथे थोडं थांबूया, कारण खरी गोष्ट इथून सुरू होते.

७१ ओळींची यादी

नवीन कलेक्टर आला की तो आधी काय बघतो? आपल्या हाताखाली माणसं कोण आहेत. शाहू महाराज गादीवर आले तेव्हा कोल्हापूर संस्थानाच्या सामान्य प्रशासनात अधिकाऱ्यांची पदं होती ७१. आजच्या भाषेत ७१ ओळींची शीट, मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं की संपली.

ही यादी पगाराप्रमाणे लावली तर कळेल सर्वात महागडा अधिकारी कोण. खात्याप्रमाणे गाळली तर कळेल मुलकी खात्यात किती आणि न्यायखात्यात किती. हे प्रश्न कुठलाही राजा विचारतो, कुठलाही दिवाण उत्तर देतो. पण त्याच यादीवर जातीचा फिल्टर लावला तर आकडा असा येतो : ७१ पैकी ६० अधिकारी ब्राह्मण. उरलेले ११ म्हणजे बाकी अख्खं संस्थान. कारकुनांच्या यादीत तर याहून वाईट. सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर जेमतेम १०.

यात गुपित काहीच नव्हतं हे लक्षात घ्या. कोण कुठल्या जातीचा हे त्या काळात नाव सांगताच कळायचं. कचेरीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला समोर कोण बसलंय ते दिसत होतं. पण 'सगळीकडे तेच दिसतात' असं वाटणं वेगळं आणि '७१ पैकी ६०' हा आकडा वेगळा. वाटण्यावर वाद घालता येतो. आकडा आला की कारण सांगावं लागतं.

थोडं बाहेर बघूया, म्हणजे काळाचा अंदाज येईल. महाराज गादीवर आले त्याच्या चारच वर्षं आधी, १८९० च्या जनगणनेत, अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ नावाच्या इंजिनिअरने भोकं पाडलेली कार्डं यंत्रात घालून माणसं मोजली होती. एका माणसाचं एक कार्ड, प्रत्येक माहितीला ठरलेल्या जागी एक भोक. पाहिजे ती भोकं असलेली कार्डं यंत्र मोजायचं आणि वेगळी करायला मदत करायचं. हॉलेरिथची कंपनी पुढे ज्या कंपनीत मिसळली, तिचंच नाव नंतर आयबीएम झालं. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेत एका माणसाची एक कागदी चिठ्ठी करायची आणि मग चिठ्ठ्यांच्या गड्ड्या लावून मोजायच्या, अशी पद्धत आली. आता गंमत बघा. कार्ड असो, चिठ्ठी असो नाहीतर आपली शीट, काम एकच. मोठ्या ढिगातून अट पूर्ण करणाऱ्या नोंदी वेगळ्या काढायच्या. यंत्राने वेग वाढतो. अट कुठली लावायची हे तेव्हाही माणसालाच ठरवावं लागायचं.

जे यादीत नाहीत त्यांचं काय?

आकड्यावर त्या काळी एक उत्तर तयार होतं. लायक माणसं मिळतच नाहीत, मग नेमणार कुणाला? मला हे उत्तर अगदीच खोटं वाटत नाही. इंग्रजी शिकलेले, कारकुनी जमणारे ब्राह्मणेतर तरुण खरोखरच बोटावर मोजण्याइतके होते. एखादा सापडला की महाराज त्याला सोडायचे नाहीत. भास्करराव जाधव एम.ए. झालेले हुशार मराठा तरुण होते, त्यांना १८९५ मध्ये कोल्हापूरच्या सेवेत घेतलं गेलं. पण असे किती?

म्हणजे नोकऱ्यांची यादी कितीही गाळा, तिच्यात आत आलेलीच माणसं दिसणार. बाहेर राहिलेला माणूस का बाहेर राहिला, हे कळायला दुसरं टेबल उघडावं लागतं. ते टेबल होतं शाळेचं.

इथे महाराजांचा पहिला प्रयत्न फसला, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सर्वात शिकण्यासारखा भाग आहे. १८९६ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजला जोडून वसतिगृह काढलं. सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. कागदावर कुणालाही मज्जाव नव्हता. तरी ते भरलं बहुतांश ब्राह्मण मुलांनीच. दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतात असं नसतं. खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला मुळात शहरात येऊन शिकायचं हेच घरात कुणी सांगितलेलं नसायचं. आला तरी जेवायचं कुठे, कुणाच्या पंक्तीला बसायचं, इथून प्रश्न सुरू व्हायचे.

मग त्यांनी पद्धत बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग. पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिंपी, दैवज्ञ... कोल्हापूर हे वसतिगृहांचं गाव झालं. जातवार वसतिगृहं काढून जात आणखी घट्ट केली, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. टीकेत तथ्य आहेच. पण १८९६ चा अनुभव समोर ठेवला तर हेही दिसतं की सर्वांसाठी असलेली यादी एकदा भरून बघितल्यावरच त्यांनी वेगवेगळ्या याद्या केल्या.

मध्येच वेदोक्ताचं प्रकरण झालं. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजपुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतोय हे लक्षात आलं. कारण विचारल्यावर उत्तर मिळालं की तुम्ही शूद्र, तुम्हाला वेदांचा अधिकार नाही. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजाला त्याच्याच पगारी भटजीने कुठल्या रकान्यात टाकलं होतं बघा. यावर अनेक पुस्तकं आहेत, खोलात जात नाही. पण एक गोष्ट नक्की. रकाना चुकीचा पडला की कसं वाटतं, हे महाराजांना दुसऱ्याकडून ऐकावं लागलं नाही.

२६ जुलै १९०२

राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्याभिषेकासाठी महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले. राज्याभिषेक ठरला होता २६ जूनला, म्हणजे नेमका महाराजांच्या वाढदिवशी. पण एडवर्ड आजारी पडले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा ऑगस्टवर गेला. तिकडे केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना मानद पदवी दिली. आणि ते परदेशात असतानाच इकडे करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये २६ जुलै १९०२ चा तो हुकूम निघाला.

हा हुकूम म्हणजे भारतातल्या आरक्षणाची सुरुवात, हे शाळेपासून ऐकलेलं असतं. ५० टक्के, हेही पाठ असतं. पण तो कधी नीट वाचलाय? एकदा 'टेबल हाताळणाऱ्याच्या' नजरेने वाचून बघा. मी वाचला आणि वाटलं, हे लिहिणाऱ्या माणसाला माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या शेजारी बसवायला हवं होतं.

पहिली गोष्ट, पन्नास टक्के कशाचे? जे नोकरीत आहेत त्यांना काढून टाकायचं आणि निम्मी पदं रिकामी करायची, असं त्यात कुठेही नाही. इथून पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. म्हणजे जुन्या ओळींना हात लावायचा नाही, नव्याने भरल्या जाणाऱ्या ओळींना अट लावायची. आज टीव्हीवरच्या चर्चेत टक्केवारी ऐकली की मी आधी हेच बघते की ती कशाची आहे. अर्धी भांडणं तिथेच असतात.

दुसरी गोष्ट, खातं खातं वेगळं मोजायचं. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गांचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच. हे नसतं तर काय झालं असतं सांगते. शिपायांच्या जागा एका समाजाला, मोठ्या हुद्द्यांच्या जागा दुसऱ्याला, आणि संस्थानाची बेरीज केली की बरोबर ५० टक्के. बेरजेत असमानता लपवणं ही फार जुनी युक्ती आहे. हुकुमाने प्रत्येक कचेरीचा हिशेब वेगळा मागून तिला बरीचशी वेसण घातली.

तिसरी गोष्ट मला सर्वात हुशारीची वाटते. मागासलेले कोण, याची व्याख्या. हुकुमात मागास जातींची लांबलचक यादी दिलेली नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे, असं म्हटलंय.

यातला फरक समजायला माझं 'को.पूर' आठवा. जेव्हा तुम्ही पाहिजे त्यांची यादी करता, तेव्हा ज्याचं नाव चुकलं, ज्याची जात लिहायची राहिली, ज्याच्या जातीला दुसऱ्या तालुक्यात वेगळंच नाव आहे, तो आपोआप बाहेर पडतो. सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. पण नको त्यांची छोटी यादी करून बाकी सगळे आत घेतले, तर विसरलेला माणूस आतच राहतो. दोन्हींचं उत्तर कागदावर सारखं दिसू शकतं, पण चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर पडणार हे वेगळं असतं.

आजचं उदाहरण हवंय? अनुसूचित जमातींच्या यादीत 'धनगड' हा शब्द आहे. धनगर समाजाचं म्हणणं की तो शब्द म्हणजे आम्हीच, लिहिण्यात फरक झालाय. शेवटच्या एका अक्षराभोवती कित्येक वर्षांची आंदोलनं उभी राहिली. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही मागणी मान्य केली नाही. कायद्याच्या बाजूने त्यात बरंच काही आहे आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण नावांची यादी करून बनवलेल्या फिल्टरमध्ये एका अक्षराला किती किंमत येते, ते यावरून दिसतं.

चौथी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि म्हणून सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी, या हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता सरकारात पाठवायचा. हुकूम काढणारे राजे आपल्याकडे खूप झाले. तिमाही तक्ता मागणारे थोडे.

टीका व्हायची ती झालीच. जात बघून नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या देणं चूक, हे सांगायला सांगलीचे वकील अभ्यंकर महाराजांकडे आले होते, अशी एक गोष्ट कोल्हापुरात सांगतात. महाराजांनी त्यांना पागेत नेलं आणि सगळ्या घोड्यांसाठी एकाच जागी चंदी टाकायला लावली. धष्टपुष्ट घोड्यांनी लाथा झाडत फडशा पाडला, लहान-अशक्त शिंगरं लांब उभी राहिली. गोष्टीत वर्षानुवर्षांत किती मीठमसाला पडलाय ते सोडा. तिच्यातलं दृश्य आणि १८९६ च्या त्या वसतिगृहाचा हजेरीपट एकच गोष्ट दाखवतात.

पण हुकुमाची उणी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख जयंतीचं भाषण होईल. 'बाकी सगळे' हा एकच रकाना फार मोठा होता. त्यात मराठा सरदाराचा मुलगा होता, लिंगायत व्यापारी होता, मुसलमान शिलेदार होता आणि गावाबाहेर राहणारा महारही होता. एका रकान्यातल्या निम्म्या जागा त्यातल्या त्यात पुढे असलेल्यांनीच घेतल्या, तरी तिमाही तक्ता बरोबरच दिसणार. पुढे अधिकाऱ्यांची पदं वाढून ९५ झाली आणि त्यातली साधारण ६० ब्राह्मणेतरांकडे आली. ७१ पैकी ११ वरून ९५ पैकी ६०, बदल मोठा आहे. पण त्या ६० मध्ये अस्पृश्य किती, हे 'ब्राह्मणेतर' हा रकाना सांगत नाही.

महाराजांच्या पुढच्या काळातले हुकूम बघितले तर ही फट त्यांच्या लक्षात आली असावी असं मला वाटतं. शेवटच्या पाचेक वर्षांत ते मोठा रकाना फोडून थेट तळापर्यंत जाताना दिसतात.

दप्तर कुणाच्या घरात?

१९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया, हलक्यात घेऊ नका. आणि दंड करायचा तर आधी गावात शाळेच्या वयाची मुलं किती, त्यातली शाळेत किती, हे माहीत पाहिजे. दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या, एकीत आहे पण दुसरीत नाही अशी नावं काढायची. आपण शीटमध्ये दोन टेबलं जोडून हेच करतो. शंभरेक वर्षांपूर्वीच्या खेड्यात हे काम मास्तर आणि गावकामगारांच्या डोक्यावर आलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सगळ्यांच्याच शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. म्हणजे पटही एकच झाला.

१९१८ साल तर याद्यांचंच साल म्हणावं लागेल. त्या वर्षी कुलकर्णी वतन बंद झालं. कुलकर्णी म्हणजे गावचा हिशेबनीस, पिढीजात. जमीन कुणाच्या नावावर, सारा किती भरला, किती राहिला, हे सगळं त्याच्या दप्तरात आणि दप्तर त्याच्या घरात. शेतकऱ्याला स्वतःच्या शेताची नोंद बघायची तर कुलकर्ण्याच्या ओसरीवर जाऊन उभं राहायचं, आणि तो वाचून दाखवेल ते खरं मानायचं. चांगला कुलकर्णी असेल तर ठीक. नसेल तर? फिल्टर वगैरे सोडाच, तुम्हाला फाइलच उघडायला दिलेली नाही. महाराजांनी त्या जागी पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. अस्पृश्य तरुणांनाही शिकवून तलाठी केलं. ज्यांना आजवर ओसरीवरही घेत नव्हते, त्यांच्यापैकी काहींच्या हातात गावचं दप्तर आलं. याचा त्रासही झाला, नव्या तलाठ्यांना काम जमत नाही अशा तक्रारी झाल्या, अनेक कुलकर्णी कुटुंबांचं उत्पन्न गेलं आणि कडवटपणा बरीच वर्षं टिकला.

त्याच १९१८ मध्ये हजेरी बंद झाली. ही हजेरी शाळेची नव्हे. काही जातींतल्या माणसांनी चोरी केली असो वा नसो, रोज गावच्या पाटलाकडे किंवा पोलिसांकडे जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचं. गुन्हा नाही, खटला नाही, नुसतं जातीवरून नाव रजिस्टरात. नोकऱ्यांच्या यादीत ही माणसं शोधून सापडत नव्हती, आणि एका यादीत मात्र न चुकता सगळी होती. महाराजांनी ती यादीच रद्द केली. फासेपारध्यांना तर त्यांनी सोनतळीच्या आपल्या कॅम्पवर पहाऱ्याला ठेवलं. ज्यांची नावं संशयितांच्या यादीत, त्यांच्यावर राजाच्या मुक्कामाची राखण. असला काम करायला छाती लागते राव.

यानंतरचं पटकन सांगते. १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी समाजाने त्यांना राजर्षी म्हटलं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना अस्पृश्यांचे खरे पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. राधानगरीचं धरण त्यांनीच सुरू केलं होतं, पण ते पूर्ण झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही. ६ मे १९२२ ला मुंबईत ते गेले. वय ४८ सुद्धा पूर्ण नव्हतं. तोवर मद्रास प्रांतात जातवार नोकरभरतीचा सरकारी आदेश निघाला होता आणि म्हैसूर संस्थानानेही त्याच वाटेवर पाऊल टाकलं होतं.

आता १०० वर्षं पुढे या. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. काम काय, तर जुन्या कागदांत 'कुणबी' ही नोंद शोधायची. महसुलाची कागदपत्रं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांचे पट, तुरुंगाच्या नोंदी, सगळं. गावोगावच्या कार्यालयांत रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला. ५४ लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. एकेका अक्षरावर भिंग धरून बसलेल्या कर्मचाऱ्यांचे फोटो तुम्हीही तेव्हा व्हॉट्सॲपवर बघितले असतील. ही कागदावरची शोधाशोध आहे, कंट्रोल एफ दाबून होणारी नाही. पणजोबांचं नाव माहीत पाहिजे, गाव माहीत पाहिजे, ते गाव तेव्हा कुठल्या तालुक्यात होतं हे माहीत पाहिजे, आणि मग वर्षवार रजिस्टर पालथं घालायचं.

या शोधात अनेक घरांना आपला पुरावा शाळेच्या जुन्या पटात मिळाला. पहिली इयत्ता, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, दाखल तारीख. करवीर संस्थानातल्या एखाद्या खेड्यातला पट असेल आणि तारीख १९१७ नंतरची असेल, तर ती ओळ तिथे असण्यामागे महिन्याला एक रुपयाच्या दंडाची भीतीही असू शकते.